सोळावी पेटी

राजारामकाकांची मला एक सही हवी होती. दोन वर्षं हवी होती. त्यांच्याबद्दल मी जे काही सांगणार आहे ते त्या सहीच्या मागे लागूनच मला कळलं, नाहीतर त्या खोलीचा जिना मी कशाला चढले असते?

कागदावर एवढंच होतं की, गुणाजी नावाचा गिरणी कामगार संपाच्या वर्षी, म्हणजे ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर, लालबागच्या या खोलीतून निघून गेला, आणि त्यानंतर तो काकांना किंवा त्यांच्या माहितीतल्या कुणालाही दिसलेला नाही. खाली काकांनी शपथेवर सही करायची. गिरणी कामगारांना घरं मिळणार म्हणून फॉर्म भरणं चालू होतं. कामगार हयात नसेल तर वारसाला मिळणार होतं, पण वारसाला मृत्यूचा दाखला लागतो. जो नुसताच गेला त्याचा दाखला कोण देणार? भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या वकिलानं सांगितलं, शेवटी ज्याच्याबरोबर राहत होता त्याचं प्रतिज्ञापत्र आणा, पुढचं मी बघतो.

गुणाजी म्हणजे माझा बाप. मी त्याला गुणाजीच म्हणते. लोकांना ते खटकतं, पण साडेचार वर्षांची पोर आणि बायको गावी ठेवून 'महिन्याभरात येतो' म्हणून जो भिवंडीला पॉवरलूमवर गेला आणि आलाच नाही, त्याला आणखी काय म्हणायचं? आई अजून रोज कुंकू लावते. माझं नाव मंजुळा, आजीचं ठेवलेलं. नाव गोड आहे, तोंड तसं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता काकांची खोली कसली ते सांगते. ती त्यांची नव्हे, गावाची. आमचं गाव मालवणाकडचं. गावातले पुरुष गिरणीत लागले की बिऱ्हाड करायची ऐपत येईपर्यंत याच खोलीत राहायचे. दहा बाय पंधराची जागा आणि एका वेळी तीसतीस माणसं. तीन पाळ्या असायच्या म्हणून भागायचं, एक उठला की दुसरा त्याच पथारीवर आडवा. जेवण खाणावळीत. माणसाचं स्वतःचं असं एकच, भिंतीवरच्या लांब फळीवरची पत्र्याची पेटी. तिथले कायदे दोनच होते. दुसऱ्याची पेटी उघडायची नाही. आणि फळीवर पेटी आहे तोवर माणूस खोलीत आहे, मग तो गावी असो, इस्पितळात असो, नाहीतर तुरुंगात असो. त्याची जागा तो स्वतः येऊन 'सोडली' म्हणेपर्यंत त्याचीच.

हे कायदे काकांनी सांभाळले. पंधराव्या वर्षी आले, बावीस वर्षं साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, काम केलं. त्या खडखडाटानं कान गेले, म्हणून ते ओरडूनच बोलतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत राहतात. संपानंतर शिवडीला एका गोदामावर रखवालदार झाले. लग्न केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, एवढी माणसं आहेत खोलीत, आणखी एक ठेवू कुठे? आणि माणसं कुठे होती? संप फिसकटल्यावर एकेक करून सगळे पांगले. कुणी गावी मेला, कुणी सुरतेला गेला, कुणाचा पत्ताच नाही. सोळा पेट्या तेवढ्या फळीवर राहिल्या. रोज दिवेलागणीला काका फडकं घेऊन एकेक पेटी पुसायचे आणि पुसताना ज्याची त्याचं नाव घ्यायचे. शेजारच्या बायका पोरांना त्या दारावरून जाऊ द्यायच्या नाहीत.

पुढे चाळीची दुरुस्ती निघाली आणि फळी काढावी लागली. पेट्या गंजल्या होत्या. काकांनी पत्ते शोधून शोधून त्या घरोघरी पोचत्या केल्या. गुणाजीची आमच्या गावच्या घरी आली. आईनं ती आतल्या खोलीत ठेवली, पण कुलूप काही तोडू दिलं नाही. म्हणाली, ज्याची आहे तो उघडेल. माझ्या डोक्यात असली तिडीक गेली ना!

त्याच सुमारास कुणीतरी गावमंडळाला जुना कॉम्प्युटर दिला, तो काकांच्या खोलीत बसवला. पांगलेल्यांच्या मुलांना जत्रेची, देवळाच्या कामाची पत्रं पाठवायची म्हणून त्यात ईमेलचा प्रोग्रॅम घातला. काका चौसष्टाव्या वर्षी एका बोटानं टाइप करायला शिकले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? प्रोग्रॅमच्या डाव्या बाजूला सोळा फोल्डर केले. सोळा माणसं, सोळा नावं. त्यांना ते पेट्याच म्हणतात. नियमही लावून घेतला की, पत्राच्या विषयात ज्याचं नाव असेल ते पत्र आपोआप त्याच्या पेटीत जावं. काही पेट्यांत मुलांची पत्रं येऊन पडली होती. गुणाजीची रिकामी. काका दिवेलागणीला त्या सोळा नावांवर एकेक करून बाण नेतात आणि मोठ्यानं नावं घेतात. मी ते एकदा जिन्यातून ऐकलं आणि तशीच खाली परतले. उत्तर येईल म्हणून थांबत थांबत घेतलेली नावं होती ती.

माझं परळला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक दिवस काकांचा फोन आला. मशीन म्हणतंय जागा नाही, नवीन पत्र घेतच नाही. मी म्हटलं येते, पण कागदही आणते. त्यांनी फोन ठेवला.

जाऊन बघितलं तर सी ड्राइव्ह पार भरलेला. जत्रेचे फोटो, दशावताराचे फोटो, कुणाच्या नातवाचे फोटो, सगळं पत्रांतून आलेलं. शेजारी डी ड्राइव्ह मोकळा पडला होता. काम सोपं होतं. प्रोग्रॅम बंद करायचा, पत्रांचं सगळं फोल्डर उचलून डीमध्ये न्यायचं आणि मग प्रोग्रॅमला सांगायचं की, बाबा रे, तुझं बिऱ्हाड आता इथे आहे. ते सांगितलं नाही तर तो जुन्याच जागी शोधत बसतो.

काकांना हे एका फटक्यात पटलं. म्हणाले, घर बदलताना राखणदार देवाला सांगावंच लागतं, नाहीतर तो जुन्या उंबरठ्यावर बसून राहतो. आणि लगेच नारळ आणायला उठले. मी म्हटलं, काका, ड्राइव्ह बदलतोय, वास्तुशांत नाही करत. ऐकतायत कुठे!

ते निघण्याआधी मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, परत वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, चष्म्याचा नंबर बदललाय. मागच्या वेळी हात थरथरत होता. त्याच्या आधी वकिलाचं मराठी कळत नव्हतं. माझं डोकं फिरलं. आई गावी गळक्या घरात एकटी, तिच्यासाठी एक खोली मिळू शकते, आणि या म्हाताऱ्याला एक ओळ लिहून द्यायला जड जातंय.

ते नारळ आणायला गेले तेव्हा पत्रांचं फोल्डर माझ्यासमोर उघडं होतं. सोळा नावं एकाखाली एक. पुढे कुणाचे चार एमबी, कुणाचे चाळीस. गुणाजीपुढे शून्य. त्या शून्याकडे बघून माझ्या मनात काय आलं ते सरळ सांगते. मनात आलं, हा आमच्या घरीही असाच होता. कायम जागा अडवून बसलेला, आत काही नाही. मी पंधरा नावं निवडली आणि डीमध्ये नेली. त्याला तिथेच ठेवलं.

काका आले. त्यांनी मॉनिटरपुढे पाट ठेवला, पाटावर नारळ ठेवला, डोक्याची टोपी नीट केली आणि हात जोडून देवाला आमच्याकडचं गाऱ्हाणं घातलं. कान नसलेल्या माणसाचा तो आवाज, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यां घर सोडून आमी दुसऱ्या घरात जातोंव. ह्या फळयेर जी सोळा माणसां होती ती सगळी आमच्यावांगडा ने. कोण मागे रवलो असात, वाट चुकलो असात, तर तेका हात धरून घेवन ये म्हाराजा."

गाऱ्हाण्याला दुसऱ्या कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. काका माझ्या ओठांकडे बघत थांबले. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं.

ते उंबऱ्यावर नारळ वाढवायला वळले तेवढ्यात मी जुनं फोल्डर पुसलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. प्रोग्रॅमला नवी जागा सांगितली, तो झटकन उघडला आणि दोन नवी पत्रंही आली. काकांनी खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. मी तो घेतला, पण खाल्ला नाही, जिन्यात ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"तो गुणाजीक विचारता गो."

मी विचारलं, कोण विचारतो? म्हणाले, मशीन. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की मधोमध चौकट येते. काका इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचतात. तसंच त्यांनी मला वाचून दाखवलं. अर्थ असा होता की, गुणाजी सापडत नाही.

माझ्या लक्षात आलं काय झालंय ते. नियम शाबूत होता आणि पेटी नव्हती. प्रोग्रॅम नियमाप्रमाणे पेटी शोधत होता. यात भुताटकी काहीही नाही, हे मी स्वतःला चार वेळा सांगितलं. काकांना म्हटलं, 'ओके' दाबा, जाईल. तर म्हणतात कसे, ओके म्हणजे 'बरं आहे' ना? मग मी कसं दाबू?

तिसऱ्या दिवशी फोन, चौथ्या दिवशी फोन. चौकट रोज. काका ती तशीच ठेवून बसायचे, पत्रं वाचायचीच नाहीत. मी दुकानात बसले तरी तेच. माझ्याकडे दिवसाला दहा मशीन येतात आणि प्रत्येकावर कसली ना कसली चौकट असते, अमकं सापडत नाही, तमकं सापडत नाही. आजवर मी त्या न वाचताच बंद करत होते. आता मात्र तसं होईना. आधी मी नाव वाचायचे आणि मगच बंद करायचे.

पाचव्या दिवशी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, मंजू, तुझे बाबा स्वप्नात आले होते. दाराबाहेर उभे होते. मी आत या म्हटलं तर येईनात, नुसते फळीकडे बघत होते. आमच्या गावच्या घरात फळी नाही. मी आईला म्हटलं, रात्री वाटाणे खाल्ले असशील. फोन ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि खोलीवर गेले.

काका मशीनसमोर बसले होते. पडद्यावर ती चौकट. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, पंधराच आणल्यास ना? मोजल्या होत्या त्यांनी. मी नाही म्हटलं नाही. उलट भांडायलाच उभी राहिले. म्हटलं, होय, मुद्दाम ठेवली. रिकामीच तर होती. शून्य. त्यात होतं काय?

"रिकामी न्हय," काका म्हणाले. "राखलेली."

मग त्यांनी टेबलावरचा दोरा उचलला. त्याला गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. विणकराची ती बारीक गाठ, नुसत्या बोटांनी. मला वाटलं, आता रागावतील. तर ते म्हणाले, तुझी काही चूक नाही, हे त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा मी केलं.

आणि मग दोन वर्षांत जे बाहेर आलं नव्हतं ते आलं. संपाला दीड वर्ष होऊन गेल्यावर खोली ओस पडली होती, फळी मात्र पेट्यांनी भरलेली. शेजारच्या गावचा एक माणूस जागा मागायला आला. गुणाजीचा काही निरोप नव्हता. काकांनी कायदा मोडला. गुणाजीची पेटी फळीवरून काढून जिन्याखाली ठेवली आणि तिच्या जागी त्या माणसाची बसवली. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात भिवंडीला दंगल पेटली, माग बंद पडले, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. जून लागल्यावर एका दुपारी दारात गुणाजी उभा. पायात चप्पल नाही, हातात काही नाही.

आत आलाच नाही तो, काका म्हणाले. उंबऱ्याबाहेरूनच त्यानं फळीकडे बघितलं. आपल्या जागी दुसऱ्याची पेटी बघितली. काकांना तोंड वर करवेना. तो एक शब्द त्याबद्दल बोलला नाही. फक्त एकच विचारलं.

मी ओरडूनच म्हटलं, काय विचारलं?

"मंजूक शाळेत घातल्यानी काय, म्हणान."

काकांनी त्याला काय सांगितलं असेल? शरमेनं माणूस कधी कधी तिरसट होतो, तसे झाले. 'माका काय ठाऊक, गावाक विचार,' एवढंच म्हणाले. गुणाजी 'बरा' म्हणाला आणि जिना उतरला. काका मागून धावले तोवर रस्त्यावर कुणी नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या माणसाला बाहेर काढलं, पेटी परत वर चढवली आणि तेव्हापासून नावं घ्यायला सुरुवात केली. त्या कागदावर 'ब्याऐंशीनंतर दिसला नाही' लिहिलंय, म्हणाले, मी शपथ घेऊन खोटं कसं सांगू? आणि खरं कुठल्या तोंडानं सांगू?

मी त्या म्हाताऱ्याला वाट्टेल ते बोलले. सत्तावीस वर्षं माझी आई वाट बघतेय आणि तुम्ही गप्प बसलात, इथपासून सुरुवात केली. ते माझ्या ओठांकडे बघत होते, एक शब्द चुकवत नव्हते. बोलता बोलता मीच थांबले. कारण माझ्या लक्षात आलं, तो जून माझाही होता. त्याच जूनमध्ये मला पहिलीत घातलं होतं. मी सगळं आयुष्य धरून चालले होते की, या माणसाला मी आठवतही नव्हते. त्यानं मात्र माझं वय मोजलं होतं. आणि ज्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती, त्याला मी पाच दिवसांपूर्वी नारळासमोर 'व्हय म्हाराजा' म्हणून मागे टाकून आले होते. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. काकांनी पाणी आणून ठेवलं.

जुनी पेटी परत मिळणं शक्य नव्हतं. रिकाम्या फोल्डरमध्ये परत मिळवण्यासारखं काही नसतंच. मी डी ड्राइव्हवर नवीन केलं, नाव टाइप केलं, नियमाला ते दाखवून दिलं. काम अर्ध्या मिनिटाचं. तरी ते नाव माझ्याकडून दोनदा चुकलं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. चौकट आली नाही. काकांनी पहिल्या नावापासून सोळाव्या नावापर्यंत बाण नेला, मोठ्यानं. सोळाव्याला माझ्याकडे बघून थांबले, आणि ते नाव मी घेतलं.

मग त्यांनीच कागद मागितला. मी साल खोडलं, चौऱ्याऐंशी जून लिहिलं, 'या खोलीच्या दारात' असंही लिहिलं. काकांनी वेळ घेऊन पूर्ण नावाची सही केली. चष्मा लागला नाही. कागद मी वकिलाला दिला. घराचं जे व्हायचं ते होईल. आईला तो जून सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, म्हणजे जेवलेही नसतील.

त्या रात्री मी घरून मंडळाच्या पत्त्यावर एक पत्र पाठवलं. विषयात लिहिलं, गुणाजी. खाली लिहिलं:

बाबा, घातलं. जून चौऱ्याऐंशी, पहिलीत, गावच्याच शाळेत. दप्तर मामानं शिवलं होतं. मी रडले नाही. मंजू.

सकाळी काकांचा फोन आला. म्हणाले, गुणाजीच्या पेटीत काहीतरी पडलंय. नाव ठळक झालंय आणि पुढे एकचा आकडा आहे. न उघडलेलं पत्र असलं की तसं दिसतं, हे त्यांना ठाऊक आहे. मग म्हणाले, दुसऱ्याची पेटी आहे, मी काही उघडणार नाही.

मी हल्ली आठवड्यातून एकदा तरी खोलीवर जाते. गेले की आधी पडद्यावर डावीकडे खाली बघते. पंधरा नावं साधी आहेत. सोळावं अजून ठळक आहे, आणि पुढे एक.